देवाच्या विश्वासूपणावर भिस्त ठेवायची म्हणजे नेमकं करायचं काय? नव्या विश्वासणाऱ्यांसाठी

मंडळीत नव्याने येऊ लागलेलं माणूस साधारण दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न विचारतं. उपासना संपलेली असते, दारात चपला शोधायची गडबड चालू असते, आणि तेवढ्यात हळूच: "काकू, माझा विश्वास कमी पडतोय का हो?" मग कळतं, मुलाची नोकरी हुकली आहे, किंवा नवऱ्याची दारू सुटलेली नाही. आणि कुणीतरी उत्साहाच्या भरात सांगून गेलंय, की पुरा विश्वास ठेवून मागितलं असतंत तर मिळालं असतं.

माझं उत्तर ठरलेलं आहे. कमी असेल. माझाही कमीच आहे. पण माळशेज घाटातून एसटी उतरत असते तेव्हा डोळे गच्च मिटून जीव मुठीत धरून बसलेली म्हातारी आणि खिडकीला डोकं टेकून घोरणारा कॉलेजचा पोरगा, दोघंही कल्याणला एकाच वेळी उतरतात. गाडी नीट पोचली ती ड्रायव्हरमुळे. म्हातारीचा प्रवास वाईट झाला हे खरं, आणि तो जरा सुखाचा कसा होईल यासाठी खालच्या पायऱ्या आहेत. पण पोचण्याचा हिशेब तिच्या धीराशी जोडू नका.

पायरी पहिली: दोन शब्द वेगळे करा

विश्वास आपला, विश्वासूपणा देवाचा. शब्द सारखे वाजतात, म्हणून घोटाळा होतो. विश्वासूपणा म्हणजे काय ते समजायला बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा १७वा अध्याय उघडा. रफीदीम इथे इस्राएल लोकांची अमालेक्यांशी लढाई चालू आहे. खाली यहोशवा लढतोय, वर टेकडीच्या माथ्यावर मोशे हात उंच करून उभा. हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेक्यांची. म्हाताऱ्या माणसाचे हात ते, भरून येणारच. मग अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवलं, एकाने इकडून आणि एकाने तिकडून हात धरले, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले.

इथे 'स्थिर' या अर्थी मूळ हिब्रूत जो शब्द आहे तो 'एमुना'. पुढे स्तोत्रांत आणि विलापगीतात देवाच्या विश्वासूपणासाठी हाच शब्द येतो. म्हणजे शास्त्राच्या डोळ्यांसमोर चित्र आहे ते खाली न येणाऱ्या हातांचं. प्रार्थनेच्या शेवटी आपण सवयीने 'आमेन' म्हणून डोळे उघडतो, तोही याच धातूतला शब्द: हे पक्कं आहे, यावर भार टाकता येईल.

प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही (२ तीमथ्य २:१३). हे वाक्य पाठ करा. बाकी काही पाठ नाही झालं तरी चालेल.

कृती म्हणून इतकंच: आठवडाभर प्रार्थनेची सुरुवात 'प्रभू, मी विश्वास ठेवतो' अशी करू नका. तो कोण आहे आणि त्याने काय केलं, इथून करा. जमत नसेल तर स्तोत्र १३६ घ्या. २६ ओळी, आणि प्रत्येकीचा शेवट एकच: त्याची दया सनातन आहे. भजनाच्या पालुपदासारखं. घरात दोघं असाल तर एकाने पुढची ओळ वाचावी, दुसऱ्याने पालुपद धरावं. लहान मुलांना हे फार आवडतं, पाचव्या ओळीपासून ती ओरडूनच म्हणायला लागतात.

पायरी दुसरी: वचन नेमकं काय आहे ते तपासा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. माझ्या पाहण्यात नवे लोक सगळ्यात जास्त इथेच दुखावतात.

ख्रिस्ती घरात भिंतीवर वचनाचं कॅलेंडर असतं. रोज एक वचन, खाली तारीख. छान गोष्ट आहे, आमच्याही स्वयंपाकघरात आहे. पण ते पंचांगासारखं वाचायचं नसतं. माझ्या धाकट्या भावाची मुलाखत होती त्या सकाळी कॅलेंडरवर ओळ होती, की देव तुझ्या मनाची इच्छा पुरवील. मी आईला छातीठोक सांगितलं, नोकरी लागलीच समज. नाही लागली. आई मला एका शब्दाने बोलली नाही, पण पुढचे कित्येक महिने रात्रीच्या प्रार्थनेला ती नुसती बसायची, ओठ हलवायची नाही. देवाने जे कबूलच केलं नव्हतं ते मी त्याच्या नावावर कबूल करून टाकलं होतं, आणि चेक न वटल्याचा बोल त्याच्याकडे गेला.

कॅलेंडरवर, मगवर, लग्नपत्रिकेवर सगळ्यात जास्त दिसणारं वचन म्हणजे यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा अर्थाचं. आता त्याच्या वरची ओळ वाचा. तिथे लिहिलंय: ७० वर्षं. हे एक पत्र आहे, यरुशलेमेहून बाबेलात पाठवलेलं. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने लोकांना धरून नेलं होतं, आणि यिर्मया संदेष्टा त्यांना कळवतोय की इतक्यात सुटका नाही. घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्या शहरासाठी प्रार्थना करा. त्या पत्रातलं हे वचन आहे. पत्र ऐकणाऱ्यांतले बरेच जण परतीचा दिवस बघणार नव्हते.

त्याच्या आधीचा, २८वा अध्याय तर आवर्जून वाचा. त्यात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे. तो मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो, दोनच वर्षांत सगळे परत येतील. बाबेलच्या ताब्यात राहावं लागेल याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जूसुद्धा तो मोडून टाकतो. लोकांना हनन्याच आवडला असणार, मलाही आवडला असता. पण तो खोटा ठरला आणि त्याच वर्षी मेला. देवाचा विश्वासूपणा ७० वर्षं म्हणणाऱ्याच्या बाजूला होता.

म्हणून कुठलंही वचन उचलताना स्वतःला विचारा: हे कोणी, कोणाला, कुठल्या प्रसंगी सांगितलं? त्याला काही अट आहे का? आणि ख्रिस्ताद्वारे ते माझ्यापर्यंत पोचतं ते कशा रूपात? पाळकसाहेबांना किंवा फादरना विचारायला लाजू नका, त्यांचं ते कामच आहे.

सुरुवातीला मात्र जी वचनं विश्वासणाऱ्यांना थेट दिलेली आहेत तीच धरा. आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू आहे, क्षमा करील (१ योहान १:९). मोह येईल तेव्हा निभावण्याची वाटही तो ठेवील (१ करिंथ १०:१३). युगाच्या समाप्तीपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे (मत्तय २८:२०). सुरू केलेलं काम तो पुरं करील (फिलिप्पै १:६). आणि हो, योहान १६:३३ सुद्धा वचनच आहे: जगात तुम्हाला क्लेश होतील. हे कॅलेंडरवर अर्धंच छापलेलं मी पाहिलंय, नुसतं 'धीर धरा' एवढंच. दहावीचे टक्के, व्हिसा, लग्न कधी जमणार, यांतलं काहीही या यादीत नाही. मागायला मनाई नाही, जरूर मागा. पण मागणं आणि वचन यांची सरमिसळ करू नका.

सैतानसुद्धा वचनं म्हणतो, हे विसरायला नको. येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन त्याने स्तोत्र ९१ म्हणून दाखवलं: उडी मार, देवदूत तुला झेलतील. येशूने जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं वचन सांगून उत्तर दिलं, की परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस. म्हणून कुणी 'विश्वासाने पाऊल टाका' म्हणत साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या बंद करायला सांगत असेल, कर्ज काढून दान द्यायला लावत असेल, 'इतक्या रुपयांचं बी पेरा, शंभरपट मिळेल' म्हणत असेल, तर तिथून उठा. विश्वासू देवाला आगाऊ रक्कम लागत नाही.

पायरी तिसरी: तक्रार करायला शिका

नव्या माणसाला वाटतं, भरवसा ठेवायचा म्हणजे कुरकुर बंद. शास्त्र उघडून बघितलं तर वेगळंच दिसतं. १३व्या स्तोत्रात पहिल्या दोन ओळींत चार वेळा 'कोठवर' येतं. ८८वं स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी कुठे उजेडाची तिरीपही नाही.

'तुझं विश्वासूपण मोठं आहे' हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं, पण ते कुठे आहे? विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात. इ. स. पूर्व ५८६च्या सुमारास यरुशलेम जळून खाक झालं, मंदिर पडलं, वेढ्यात लोक भुकेने मेले, त्यानंतरची ही गीतं. कवी म्हणतो, देव माझ्यासाठी दबा धरून बसलेलं अस्वल झाला, सिंह झाला. त्याने माझे दात खड्यांनी फोडले. अशा ओळींमागून ओळी येतात आणि मग २२ आणि २३व्या ओळीला, राखेत उभं राहून तो म्हणतो, की त्याची करुणा संपलेली नाही, ती रोज सकाळी नवी होते. बरं, एवढं म्हणून गाणं संपत नाही. थोड्याच वेळात पुन्हा रडणं सुरू. अध्याय ६६ ओळींचा आहे, हिब्रूतल्या २२ अक्षरांना प्रत्येकी तीन. जणू दुःखाची बाराखडी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली आहे, मधलं अक्षर गाळलेलं नाही.

मराठी माणसाला खरं म्हणजे हे परकं वाटू नये. देवाशी भांडण्याची रीत आपल्याकडे तुकोबांपासून चालत आलेली आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, आणि त्यांनी ख्रिस्तासाठी अभंगच रचले. तेव्हा भांडा. फक्त त्याच्याशी भांडा, त्याच्या पाठीमागे नको. शब्द सुचत नसतील तर मार्क ९:२४ मधल्या त्या बापाचं वाक्य घ्या, ज्याचा मुलगा आजारी होता. तो एका दमात दोन्ही म्हणाला: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. येशूने त्याला आधी विश्वास वाढवून ये असं सांगितलं नाही. मुलाला बरं केलं.

इथे पंडिता रमाबाईंचं आयुष्य डोळ्यांसमोर ठेवते. १८५८चा जन्म. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. भावाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ मध्ये पतीही गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळायचा राहिलाच होता, हे आपल्याला काही वर्षांनी कळलं, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. तीन महिन्यांत आपल्याला सगळं का उमगत नाही म्हणून खट्टू होणाऱ्यांनी हे वाचावं. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली गोळा करून आणल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. दुष्काळाने ज्यांचं घर पुसून टाकलं त्याच बाई दुष्काळात दुसऱ्यांच्या लेकी शोधत हिंडल्या. शेवटची अनेक वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, मुक्तीतल्या मुली आणि बायकाच ते छापत. १९२१ मध्ये मनोरमा वारली. एकुलती एक लेक. रमाबाईंनी काम सोडलं नाही, भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या.

देव विश्वासू आहे म्हणून माझ्या घरी मरण येणार नाही, असं समीकरण कुणी मांडलं तर त्याला केडगावला घेऊन जावं. इब्रीकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात विश्वासाने तरवारीच्या धारेतून वाचलेले आहेत, आणि दोन-तीन ओळींनी खाली तरवारीने मारले गेलेलेही आहेत. यादी एकच आहे.

पायरी चौथी: आजच्यापुरतं मागा, आजचं काम करा

रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने रोज सकाळी दिलेलं अन्न, मिळाला. त्याच्या नावाचाच अर्थ 'हे काय?' असा लावतात. माणशी एक ओमर गोळा करायचा, म्हणजे सुमारे दोन लिटरचं माप. उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा विसाव्याचा. ४० वर्षं हे चाललं. देवाला एकदम ४० वर्षांचं कोठार भरून देता आलं असतं. मग त्यांनी रोज सकाळी वर बघितलं असतं का, मला शंका आहे. मी तरी नसतं.

तेव्हा 'माझ्या पोरांचं पुढे कसं होणार' ही प्रार्थना थोडी लहान करा: आज काय लागणार आहे? औषधाची चिठ्ठी, फीचा हप्ता, साहेबांशी बोलायची हिंमत. तेवढं मागा. आणि मान्ना तंबूत येऊन पडत नव्हता, पहाटे उठून वेचावा लागायचा, हेही लक्षात असू द्या. अर्ज भरा, डॉक्टरकडे जा, शेजाऱ्याची माफी मागायची असेल तर मागा.

पायरी पाचवी: हात धरणारी दोन माणसं शोधा

मोशेचे हात एकट्याच्या जोरावर वर राहिले नाहीत. तुमचा अहरोन आणि तुमचा हूर कोण, ते ठरवा. शंभर जणांचा व्हॉट्सअप ग्रुप उपयोगाचा नाही, तिथे 'आमेन' आणि हात जोडल्याची चित्रं पडतात आणि विषय संपतो. दोन माणसं पुरे. एक वयाने मोठं, ज्याने बरंच काही सोसलंय. त्यांच्या घरी चहाला जा आणि विचारा, तुमच्या आयुष्यात देव गप्प होता तो काळ कोणता? ज्यांच्याकडे असा काळच नाही त्यांच्याकडून सल्ला जरा जपून घ्या.

घरातून तुम्ही एकटेच आला असाल तर हे अधिक अवघड, माहीत आहे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं, काही वर्षं दोघं दूर राहिले. पुढे त्या स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वाटेने आल्या. घरच्यांना वादात हरवायला जाऊ नका. रोजचं काम नीट करा, आईचे पाय चेपा, सणाच्या दिवशी घरात धुसफूस होईल असं बोलू नका. तुम्ही विश्वासू देवाविषयी बोलता, आणि दूधवाल्याचे पैसे मात्र तीन महिने थकलेले, असं झालं तर ऐकणार कोण?

रविवार चुकवू नका. मन कोरडं असेल त्या रविवारी तर नक्की जा, कारण तुम्हाला गाता येत नसेल तेव्हा शेजारच्या बाकावरची आजी गात असते. प्रभुभोजनाच्या वेळी तुमच्या भावना विचारत नाहीत, भाकर हातावर ठेवतात.

पायरी सहावी: वही घाला

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून १२ धोंडे उचलून आणायला लावले, पुढे मुलं विचारतील तेव्हा सांगता यावं म्हणून. पुढे शमुवेल संदेष्ट्यानेही धोंडा उभा केला आणि त्याला एबन-एजर नाव दिलं, साहाय्याचा धोंडा: इथपर्यंत परमेश्वराने आम्हांस साहाय्य केलं. या ज्या खुणा आहेत त्या विसराळू लोकांसाठी आहेत. आपल्याकडे धोंडे ठेवायला जागा नाही, म्हणून वही.

शाळकरी दोनशे पानी वही चालेल. तीन रकाने आखा: तारीख, काय मागितलं, काय झालं. मागितलेलं मोघम लिहू नका. 'घरच्यांना आशीर्वाद दे' याचं पुढे काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. 'सोनोग्राफीचा रिपोर्ट येईपर्यंत रात्री झोप लागू दे' हे लिहा. जे मिळालं नाही तेही त्याच वहीत आलं पाहिजे, नाहीतर ती जाहिरात होईल. न मागता जे मिळालं त्यासाठी मागची पानं ठेवा. महिन्यातून एकदा, शक्यतो पगाराच्या आसपास, मागचे दोन महिने वाचून काढा. त्याच दिवशी वाचलं तर काही दिसत नाही, पीक रोज उपटून बघितल्यासारखं होतं.

आणि तिसरा रकाना पेन्सिलीने भरा. भावाच्या त्या नोकरीपुढे मी आधी पेनने 'नाही' लिहिलं होतं. पाच-सहा वर्षांनी तो गावातच राहिला म्हणून वडिलांचं शेवटचं दुखणं त्याने उशापायथ्याशी बसून काढलं, तेव्हा मी 'नाही' खोडून 'बरं झालं' लिहिलं. मग एकदा त्याच्या बायकोने, पैशांची ओढाताण सांगता सांगता, ती वही चाळली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी तेही खोडलं. सध्या तिथे तारीख आहे, त्याचं नाव आहे, आणि पुढे खाडाखोडीने पातळ झालेला कागद आहे.